शेवट असलेल्या गोष्टी

बेलवलीत नाटक बघायचं ठरलं की आधी रेल्वेचं वेळापत्रक बघावं लागतं. बेलवली बदलापुरात, आणि बदलापूर सीएसएमटीपासून अडुसष्ट किलोमीटरवर. दादरच्या शिवाजी मंदिरला साडेआठचा प्रयोग म्हणजे परतीची शेवटची गाडी पकडायची की तिसरा अंक सोडायचा, असा सवाल. म्हणून बेलवलीकराचं नाटक सहसा कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात होतं, फार तर डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात. तिथूनही विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशी स्टेशनं मोजत, पेंगुळलेलं पोर खांद्यावर टाकून यायचं. नाटकाची हौस इकडे कमी नाही, पण हौसेला रात्रीचं प्रवासभाडं पडतं.

त्यामुळे इथल्या कित्येक घरांत नाटककार आधी भेटला तो टीव्हीवर. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत कौलांवर अँटेना उभ्या राहिल्या आणि ज्यांना दादरच्या नाट्यगृहाची पायरी माहीत नव्हती त्यांना दादरची माणसं घरबसल्या दिसू लागली. त्या माणसांत 'गजरा' हा कार्यक्रम सादर करणारे एक सडसडीत, चष्मेवाले गृहस्थ होते. ते नाटकं लिहितात, भीतीच्या गोष्टी लिहितात आणि बँकेत नोकरीही करतात, हे बहुतेकांना नंतर कळलं. रत्नाकर मतकरी.

मतकरींवर लिहिताना त्यांच्या पुस्तकांची यादी देण्याचा मोह होतो. यादी लांबलचक आहे आणि तिच्यानं काहीच कळत नाही. बालनाट्य, व्यावसायिक नाटक, प्रायोगिक नाटक, एकांकिका, गूढकथा, कादंबरी, मालिका, सिनेमा असं सगळं केलेल्या माणसाला आपण 'अष्टपैलू' म्हणतो आणि मोकळे होतो. मला या सगळ्यात एकच धागा दिसतो. मतकरी हे गोष्ट संपवणारे लेखक होते. सुरुवात करतानाच शेवट हाताशी असलेले. टीव्हीशी त्यांचं जमलं तेही याच कारणानं आणि पुढे टीव्ही त्यांच्यापासून लांब गेला तोही याच कारणानं.

सुरुवात रेडिओवर झाली. १७ नोव्हेंबर १९३८चा जन्म. १९५५ साली 'वेडी माणसं' ही एकांकिका मुंबई आकाशवाणीवर झाली तेव्हा वय सतरासुद्धा पुरतं नव्हतं. रेडिओची एकांकिका म्हणजे ठरलेल्या मिनिटांत माणसं उभी करायची, गुंता करायचा आणि सोडवायचा. नेपथ्य नाही, प्रकाश नाही, सगळी भिस्त वाक्यावर. ही तालीम पुढे जन्मभर पुरली. मुंबई विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन पदवी, मग १९५८पासून बँक ऑफ इंडियात नोकरी. ती वीस वर्षं टिकली. मराठी नाटकाच्या इतिहासात बँकांनी किती लेखक पोसले याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. पाचनंतर सुटणारी नोकरी आणि महिन्याच्या महिन्याला येणारा पगार, एवढ्या भांडवलावर आपली अर्धी प्रायोगिक रंगभूमी उभी राहिली.

मतकरींनी तो पगार कुठे घातला? बालनाट्यात. १९५९ साली सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' सुरू केलं. अमेरिकेत जाऊन मुलांच्या रंगभूमीचा अभ्यास करून आल्या होत्या त्या. तोवर आपल्याकडे मुलांचं नाटक म्हणजे स्नेहसंमेलनात शिक्षकांनी बसवलेलं काहीतरी. करमरकरांना खरी रंगभूमी हवी होती, चांगलं नेपथ्य, चांगली वेशभूषा, मोठ्या नाटकाइतकी मेहनत. त्यांच्या पहिल्याच नाटकाचे, 'मधुमंजिरी'चे लेखक विशीतले मतकरी होते. तीन वर्षांनी, १९६२मध्ये, मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली आणि तीस वर्षं ती बव्हंशी पदरमोड करून चालवली. पत्नी प्रतिभा मतकरी या सगळ्यात बरोबरीनं होत्या, रंगमंचावरही आणि मागेही.

मुलांसाठी लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पोराला कंटाळा आला की ते उठतं. ते 'विषय गंभीर आहे' म्हणून बसून राहत नाही. 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' ही नाटकं पन्नासेक वर्षांनंतरही उभी राहतात, कारण त्यांच्यात एकही प्रवेश केवळ पुढच्या प्रवेशाची वाट बघत बसलेला नाही. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली. २०१८मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनाखाली ते नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले आणि त्या १५ ऑगस्टला शिवाजी मंदिरात एकाच दिवशी पाच प्रयोग झाले. या नाटकाच्या प्रयोगाला आजही बसून बघावं. चेटकीण विंगेतून नुसतं नाक बाहेर काढते आणि पुढच्या रांगेतली पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडायला लागतात. चेटकीण त्यांच्यावर डाफरते, पोरं उलट डाफरतात, तोवर मागचं एखादं धाकटं आईच्या पदरात तोंड लपवून एका डोळ्यानं बघत असतं. आईबाप मोबाइल खिशात घालतात. संहितेत या गोंगाटासाठी जागा सोडलेली आहे. लिहिणाऱ्यानं गोंगाट आधीच ऐकलेला होता.

आता जरा लांबचा फेरा. आमच्या पट्ट्यात 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद इतका जुना आहे की त्यावर कुणी हसतही नाही. पण मतकरींची कारकीर्द नीट समजायची तर खऱ्या यूएसएत डोकवावं लागतं. टीव्ही आणि नाटक यांचं लग्न पहिल्यांदा तिथे लागलं आणि मोडलंही तिथेच.

१९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये टीव्हीवरची नाटकं थेट प्रक्षेपित होत. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी पात्रं. आठवडा संपला की ती गोष्ट संपली. पॅडी चायेफ्स्की या तिशीतल्या लेखकाची 'मार्टी' २४ मे १९५३ला एनबीसीवर झाली. ब्रॉन्क्समधला एक लग्न न जमलेला, दिसायला बेताचा खाटीक आणि त्याला भेटलेली तशीच एक शिक्षिका, बस. खून नाही, पैसा नाही, राजवाडा नाही. दोनच वर्षांनी त्यावर निघालेल्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले. चायेफ्स्की नंतर ब्रॉडवेवर गेले, नाटककार झाले, मग सिनेमाकडे. १९७६च्या 'नेटवर्क'मध्ये त्यांनी टीव्हीच्या धंद्याची अशी काही सालटी काढली की ज्या माध्यमानं आपल्याला नाव दिलं त्याचा इतका राग क्वचितच कुणा लेखकानं केला असेल.

दुसरे रॉड सर्लिंग. त्यांची 'पॅटर्न्स' १९५५च्या जानेवारीत थेट प्रक्षेपित झाली आणि लोकांनी इतकी उचलून धरली की महिन्याभरात सगळ्या नटांना परत बोलावून तीच पुन्हा करावी लागली. सर्लिंगना वंशद्वेषावर लिहायचं होतं. प्रायोजकांना साबण आणि सिगारेटी विकायच्या होत्या. एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनावरून सुचलेली त्यांची संहिता कापूनकापून अशी गुळमुळीत केली गेली की कुणाचा खून, कुणी केला, कुठे केला, काहीच उरलं नाही. तेव्हा सर्लिंगनी वाट बदलली. १९५९ला 'द ट्वायलाइट झोन' सुरू केली. परग्रह, भुतं, काळाचे घोटाळे. तिच्या १५६ भागांपैकी ९२ त्यांनी स्वतः लिहिले. परग्रहावरच्या माणसांचा द्वेषमत्सर दाखवला तर प्रायोजकाला त्यात आपला ग्राहक दिसत नाही, ही त्यामागची चतुराई.

'ट्वायलाइट झोन' बघितलेल्याला मतकरींची 'गहिरे पाणी' ही मालिका आठवणं साहजिक आहे. दर भागाला वेगळी गूढकथा, शेवटी एक मुरड आणि खेळ खलास. साम्य इथवरच. सर्लिंगना गूढतेचा बुरखा लागत होता, मतकरींना तो लागला नाही. जे थेट बोलायचं ते बोलायला त्यांच्याकडे रंगभूमी होती. 'लोककथा ७८'मध्ये गावातल्या दलितांवरचा अत्याचार त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता मांडला, तोही आपल्या 'सूत्रधार' या संस्थेकडून. रिकाम्या रंगमंचावर, हाताशी असेल त्या सामानात, नट प्रेक्षकांच्या तोंडावर गोष्ट सांगतात. हे नाटक टीव्हीच्या दारात नेऊन परवानगी मागायची गरज त्यांना पडली नाही. अमेरिकन लेखकाचा सगळा संसार टीव्हीवर होता, म्हणून त्याला टीव्हीशी लबाडी करावी लागली. मतकरींचं घर दुसरीकडे होतं, टीव्हीवर ते पाहुणे म्हणून जात. पाहुण्याला एक सोय असते, जेवण आवडलं नाही तर उठता येतं.

म्हणूनच त्यांची गूढकथा निव्वळ गूढकथा राहू शकली. 'खेकडा'सारख्या कथा ज्यांनी शाळेच्या वयात वाचल्या त्यांना ती रात्र आठवत असेल. मतकरींकडे वाडा, अमावास्या, पांढरी साडी हा सरंजाम फारसा लागत नाही. दोन खोल्यांचं घर, पगारदार माणूस, नात्यातली एखादी छोटीशी चोरटी इच्छा एवढ्यावर भागतं. भीती बाहेरून येत नाही, घरातल्याच माणसाच्या डोक्यातून निघते. चाळीतून ब्लॉकमध्ये गेलेल्या मध्यमवर्गाला हे भूत ओळखीचं होतं. आणि भूत कितीही मोठं असलं तरी पंधरावीस पानांत आटपायचं. गूढकथा ताणली की विटते, हे ते जाणत होते.

दूरदर्शनच्या काळाला हा आकार सोयीचा होता. मालिका आठवड्यातून एकदा, बऱ्याचदा तेरा भागांची. तेरा भागांत लेखक सुरुवात, मध्य, शेवट आखू शकतो. मतकरींच्या 'बेरीज वजाबाकी', 'अश्वमेध' याच जगातल्या. नाटककार म्हणून कमावलेलं सगळं इथे कामाला येई. प्रवेश कुठे तोडायचा, कुणाला खोलीबाहेर पाठवायचं, कुठलं वाक्य न बोलता ठेवायचं. त्या काळात नाटककारानं टीव्हीला लिहिणं ही पायरी उतरणं नव्हतं. विजय तेंडुलकरांनीही 'स्वयंसिद्धा' ही मालिका लिहिलीच की.

मग रोजच्या मालिका आल्या. दूरदर्शनवर 'दामिनी'नं वाट पाडली. १९९९च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी सुरू झाली, पाठोपाठ ई-टीव्ही मराठी. सुरुवातीला या वाहिन्यांनीही बरंच धाडस केलं. 'पिंपळपान'मधून मराठी साहित्यातल्या कलाकृती पडद्यावर आल्या, प्रशांत दळवींसारख्या 'चारचौघी' लिहिणाऱ्या नाटककाराची 'टिकल ते पॉलिटिकल' आली. पण गणित हळूहळू पक्कं होत गेलं. 'चार दिवस सासूचे' २००१ला सुरू झाली ती २०१३ला संपली, तीन हजारांहून जास्त भाग करून. तीन हजार भागांना आरंभ असू शकतो, शेवट असू शकत नाही. अशी मालिका फक्त थांबते.

रोजच्या मालिकेचं लेखन कसं चालतं हे प्रेक्षकाला क्वचितच ठाऊक असतं. श्रेयनामावलीत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वाहिनीचा ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माता, आणि निर्मात्याची माणसं बसून पुढचा 'ट्रॅक' ठरवतात. त्याची 'वनलाइन' होते, वनलाइनची पटकथा, पटकथेचे संवाद. एका भागात बावीस मिनिटांचा ऐवज आणि आठवड्याला सहा भाग, म्हणजे एकशे बत्तीस मिनिटं. गुणाकार करून बघितला तर दोन अंकी नाटकाएवढा मजकूर दर आठवड्याला. नाटककार तेवढ्यासाठी वर्ष घेतो, तालमीत पुन्हा पानं फाडतो. इथे हाताशी भागांची 'बँक' असेल तर ठीक, नाहीतर सकाळच्या शिफ्टचा सीन सकाळीच सेटवर येतो, गरमागरम, आणि नट मेकअपच्या खुर्चीत बसून पाठ करतो. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की सोमवारी ठरलेला ट्रॅक शुक्रवारी पालटतो. एखादी खलनायिका लोकांना आवडली की तिचं मरण पुढे ढकललं जातं.

हे लिहिणाऱ्यांना नाकं मुरडायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. एवढ्या घाईत एखादा तरी जिवंत प्रवेश लिहून काढणं ही कारागिरी आहे आणि एकांकिका स्पर्धांतून आलेली कितीतरी हुशार पोरं ती रोज करतात. त्यांचं घर त्यावर चालतं, जे नाटकाच्या मानधनावर चाललं नसतं. चिन्मय मांडलेकरांसारखा माणूस 'असंभव'सारखी मालिका लिहून, नाटकं करून, मतकरींच्या बालनाट्याकडे वळू शकतो. पण ही पोरं मतकरी होणार नाहीत, हेही तितकंच खरं. दर्जाचा प्रश्न नाही. त्यांच्या गोष्टीचा शेवट त्यांच्या हातात नाही.

प्रेक्षकाला हे सगळं न सांगता कळतं, याचा पुरावा बेलवलीत कुठल्याही संध्याकाळी मिळेल. सात वाजले की गल्लीतल्या एकेका खिडकीतून तेच शीर्षकगीत यायला लागतं, एका घरातून सुटलेली ओळ दुसऱ्या घरात पूर्ण होते. शेजारच्या काकू मेथी निवडत बसलेल्या असतात. नजर टीव्हीवर क्वचितच जाते, त्यांना ऐकून पुरतं. मध्येच म्हणतात, "हिला आता अपघात होणार." का हो काकू? "नटीनं मालिका सोडली असेल. परवापासून हिला एकटीलाच फोनवर बोलताना दाखवतायत." दोन दिवसांनी खरंच अपघात होतो. काकू गोष्ट बघत नाहीत, गोष्टीमागचा कारखाना बघतात. मालिका आवडत नाही म्हणावं तर तेही नाही. सून साडेनवाच्या लोकलनं यायची असते, तोवर घरात कुणीतरी बोलत असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. चायेफ्स्की किंवा मतकरींनी हे कारण ऐकलं असतं तर लगेच टिपून ठेवलं असतं.

शेवट असलेल्या नाटकाचं आणि शेवट नसलेल्या मालिकेचं, ही दोन्ही जगं एका नटाच्या शेवटच्या दोन वर्षांत शेजारी शेजारी दिसतात. १९७४मध्ये मतकरींनी 'आरण्यक' केलं. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर वनात निघतात, त्यांच्या शेवटाचं नाटक, मुक्तछंदातलं. रवी पटवर्धन धृतराष्ट्र, प्रतिभा मतकरी गांधारी, दिलीप प्रभावळकर विदुर. चव्वेचाळीस वर्षांनी, २०१८मध्ये, ते पुन्हा उभं राहिलं तेव्हा त्या तिघांनी त्याच भूमिका केल्या. आता म्हातारपणाचा मेकअप लागत नव्हता. पटवर्धनांनी ऐंशी ओलांडली होती. ते छंदातलं लांबच लांब बोलणं त्या वयात पाठ करून, उभं राहून म्हणायचं, आणि मागचा माणूसही ऐकला पाहिजे. याच पटवर्धनांना वर्षभरात घराघरानं ओळखलं ते 'अग्गंबाई सासूबाई'तले आजोबा म्हणून. आमच्या काकूंना धृतराष्ट्र माहीत नाही, आजोबा पक्के माहीत आहेत. लोभस काम होतं ते, मीही चवीनं बघितलं. पण आजोबांच्या भूमिकेचं उद्या काय होणार हे पटवर्धनांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. धृतराष्ट्राचं काय होणार हे चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं आणि तरीही दर प्रयोगाला ते नव्यानं करावं लागे. डिसेंबर २०२०मध्ये पटवर्धन गेले.

मतकरींनी व्यावसायिक रंगभूमीही वर्ज्य मानली नाही. 'माझं काय चुकलं?', 'जावई माझा भला', 'चार दिवस प्रेमाचे' ही नाटकं धंद्याच्या गणितातही बसली. त्यांच्या प्रायोगिक चाहत्यांना ती जरा सोपी वाटत. वाटोत. घरातल्या तीन पिढ्या एकत्र बसून बघतील असं नाटक लिहिणं सोपं असतं तर सगळ्यांनीच लिहिलं असतं. मला त्यांच्या उतारवयातलं वेगळंच धाडस जास्त मोठं वाटतं. सत्तरी उलटल्यावर त्यांनी पहिल्यांदा सिनेमा दिग्दर्शित केला, आपल्याच कथेवरचा 'इन्व्हेस्टमेंट'. महत्त्वाकांक्षी, सुखवस्तू जोडपं, त्यांचा शाळकरी मुलगा, त्याच्या हातून झालेला वर्गातल्या मुलीचा खून आणि ते झाकायला निघालेले आईबाप. २०१२च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. बघताना जाणवतं की ही त्यांची जुनी गूढकथाच आहे. ब्लॉकच्या जागी आलिशान फ्लॅट आला एवढंच, भूत अजून घरातल्या माणसाच्याच डोक्यात आहे. आणि सिनेमा संपतो तिथे तो खरोखर संपतो, दुसरा भाग काढायला फट ठेवत नाही.

१७ मे २०२०च्या रात्री करोनानं मतकरी गेले, मुंबईत, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी. त्या वेळी नाट्यगृहं बंद होती आणि मालिकांचं चित्रीकरणही थांबलेलं होतं; वाहिन्या जुने भाग पुन्हा दाखवत होत्या.

त्याआधीची सहाएक वर्षं ते ज्या कामात रमले होते त्याला कॅमेरा नव्हता आणि तिकीटही नव्हतं. २०१४च्या सुमारास समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीनं त्यांनी ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. वस्त्यांमधली मुलं, ज्यांच्या घरातलं कुणी नाट्यगृहात गेलेलं नाही. शेकड्यानं संहिता लिहिलेल्या माणसानं या मुलांना आपली एखादी सोपी एकांकिका देऊन टाकली असती तरी चाललं असतं. त्यांनी ती दिली नाही. तुमच्या गल्लीत काय घडतं ते तुम्हीच सांगा म्हणाले. मुलांनी पाण्याच्या रांगेवर नाटिका केल्या, दारूवर केल्या, शाळा सुटण्यावर केल्या. मतकरी समोर बसून बघत, आणि नाटिका लांबू लागली की ती कुठे थांबवायची ते सांगत.